बरणीत ओतलेली चटणी

मी काही लिहिणारी बाई नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाई विभाग सांभाळते. तिथल्या बायका माझ्याबद्दल लिहायला बसल्या तर ग्रंथ होईल, इतकी मी तोंडानं तिखट. पण दवाखान्यातून घरी आल्यावर गल्लीत जी भेटेल ती एकच विचारायची, "चटणीनं एवढं होतं व्हय?" होतं. म्हणून लिहायला बसले. हे वाचून कुणी आपल्या घरातली बरणी एकदा उघडून बघितली आणि शेजारणीचा फोन नंबर घेऊन ठेवला, तर माझं आजारपण कारणी लागलं असं समजेन.

भिंत

परवीनचे अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. परवीन म्हणजे माझी एकुलती एक लेक, ती लग्न करून पुण्याला. घरात मी आणि माझा रेडिओ. आणि भिंतीपलीकडे नरसक्का.

नरसक्का पद्मशाली, सत्तरी ओलांडलेली. उभा जन्म विड्या वळण्यात गेला. घरात तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी, आणि भांडायचं असेल तर दोन्ही. मराठीत स्वतःला 'येतो, जातो' म्हणते, आमच्याकडच्या पुष्कळ जुन्या बायका म्हणतात तसं. आमची घरं एकमेकींना चिकटून आहेत, मधली भिंत एकच. तिनं पलीकडून थाप मारली की मी मागच्या दारात यायचं, मी मारली की तिनं. तिचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. फोन होता तो तिच्या मुलाचा, आणि तोही मी कधी मागितला नव्हता. भिंत असताना नंबर घेऊन करायचं काय?

आमच्या दोघींमध्ये एक स्टीलचा डबा फिरत असायचा, झाकणाला पोचा आलेला. तो मूळचा कुणाचा हे आता दोघींनाही आठवत नाही. ती त्यात पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, भरून द्यायची. मी शेंगाचटणी भरून परत करायची. डबा रिकामा परत करायचा नाही, हा आमच्या गल्लीचा कायदा. अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा नाही.

माझी चटणी नावाजलेली होती. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली. परवीनचे अब्बा नुसत्या चटणीवर दोन भाकरी खायचे. ते गेले, मग परवीन गेली, आणि एकटीच्या घासासाठी उखळ कोण धुणार? मी किराणा दुकानातून पाकीट आणायला लागले. पाकीट फोडायचं, चटणी बरणीत ओतायची, आणि रिकामं पाकीट कचऱ्यात अगदी तळाला दाबायचं. बरणीत आधीची उरलेली असली तर तिच्यावरच नवी ओतायची. त्याच बरणीतून नरसक्काचा डबा भरायचा. पाकिटासकट दिली असती तर बाजारातून आणून टाकल्यासारखं दिसलं असतं. शेजारणीला असं देतात का?

एके दिवशी मी असाच डबा भरून दिला, तर तो हातात घेऊन नरसक्का दारातच म्हणाली, "बरं झालं बघ. उद्या कुंभारीला जातो, लावण्याकडं. तिला शेंगाचटणीच पाहिजे म्हणते, दुसरं काय गोड लागत नाही. तिला नेतो ही."

लावण्या तिची नात. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. मी म्हटलं, "ने की. लसूण जास्त आहे, बेतानं दे म्हणावं." विकतच्या चटणीतला लसूण जणू मीच घातल्यासारखं.

थाप

नंतर दोनेक दिवसांनी कारखान्यातच पोटात मुरडा आला. सायकल चालवायचा धीर झाला नाही, हातात धरून तशीच चालत आले. मग ताप. मग जे सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही. न्हाणीघर आणि खाट, एवढंच जग उरलं. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याखालचं घर, आणि तरी मी दोन चादरी घेऊन कुडकुडत होते.

परवीनचा फोन आला. म्हणाले, बरी आहे, जरा थकवा आहे. तिच्या धाकट्याची परीक्षा चालली होती. आया खोटं बोलायला कुठं शिकतात कोण जाणे, पण सगळ्याच शिकतात.

दुपारी उठून पाणी प्यायला गेले आणि भोवळ आली. भिंतीला टेकून खाली बसले. हात आपोआप वर गेला आणि मी थाप मारली. पलीकडे काही हललं नाही. मग आठवलं, ती कुंभारीला गेलेली. तिचा मुलगाही गेला असणार. हे सगळं कळत होतं, तरी मी पुन्हा थाप मारली. नंतर आणखी एकदा. रिकाम्या घराच्या भिंतीचा आवाज वेगळा येतो, हे मला तेव्हा कळलं. मी रडले. कुणी बघायला नव्हतं, त्यामुळे पदर लावायचीही गरज नव्हती.

नंतर तोंड धुतलं, दाराला कुलूप घातलं आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि न सांगताच सावकाश चालवली. त्या दिवसातली तेवढी एक मेहेरबानी.

सोबत कोण?

दवाखान्यात दुखण्यापेक्षा एक प्रश्न जास्त लागला. कागद करणारा पोरगा म्हणाला, "सोबत कोण?" मी म्हटलं, कोणी नाही. आत सिस्टरनं विचारलं, "आजी, बरोबर कोण आलंय?" कोणी नाही. मग डॉक्टरीणबाई आल्या, परवीनपेक्षाही लहान. "तुमच्या सोबतचे बाहेर आहेत का?" नाहीत. प्रत्येक वेळी समोरचा माणूस आवाज थोडा मऊ करून बोलायचा. मला तो मऊपणा नको होता. त्यापेक्षा कुणी खेकसलं असतं तर बरं वाटलं असतं. आणि 'आजी' तर मुळीच नको होतं, पण सलाइन लावलेल्या हातानं भांडता येत नाही.

वॉर्डातले दिवस औषधाच्या ट्रॉलीच्या आवाजावर चालतात. सकाळी झाडू, मग चादरी, मग डॉक्टर, मग भेटायची वेळ. ही भेटायची वेळ एकट्या माणसाला फार अवघड. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे अख्खं गाव लोटायचं. कुणी केळी आणायचं, कुणी भस्म. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायची. एकदा त्यांच्यातल्या एका माणसानं "ह्या बाईंचं कोणी आलं नाही वाटतं" असं हळू आवाजात म्हटलं. हळू आवाज वॉर्डात सगळ्यांना ऐकू येतो.

परवीनला शेवटी सिस्टरनंच फोन करून कळवलं. ती फोनवर आधी रडली, मग रागावली. "अम्मी, तुमे बोले कायकू नै?" रविवारी येते म्हणाली. कारखान्यातून कुणी आलं नाही. मी सुट्टी कळवली होती, पण दवाखान्याचं बोलले नव्हते. आणि खरं सांगायचं तर, माझ्याकडे यायला धजेल कोण? एक मिनिट उशीर झाला तरी मी चारचौघींत झापणारी.

नाव कळलं

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद बघून सांगितलं, "साल्मोनेला आहे." मी म्हटलं, हे काय नवीन? त्या म्हणाल्या, टायफॉइडच्याच नात्यातला जंतू, खाण्यातून जातो. तुम्हाला साखर आहे, त्यात पाणी फार गेलं, म्हणून किडनीवर ताण आलाय. वेळेवर आलात. मग विचारलं, बाहेरचं काय खाल्लं होतं?

मी ठणकावून सांगितलं, "बाहेरचं मी खात नाही."

दुसऱ्या दिवशी परवीनचा फोन आला. मोबाइलवर तिनं कुठलीशी बातमी वाचली होती. "अम्मी, वो पाकिटवाली चटनी तुमे लाते ना? लाल पट्टीवाली? कंपनीवाले वापस मंगा रहे." शेंगाचटणीच्या काही पाकिटांत जंतू असण्याची शक्यता आहे, खाऊ नका, दुकानात परत द्या, असं त्यात होतं. पाकिटावरचा अमुक नंबर बघा, असंही होतं.

कुठला नंबर बघू? पाकीट मी केव्हाच कचऱ्यात घातलेलं. बरणीत जुनी कुठली, नवी कुठली, अल्ला जाणे. आणि माझ्यासारख्या अशा घराघरांत असतील, ज्यांनी पाकीट फोडून बरण्या भरल्या. कंपनीनं कितीही परत मागवलं तरी आमच्या बरण्यांवर कसला नंबर असणार?

हे मनात चाललं असताना मला डबा आठवला. पोचा आलेल्या झाकणाचा. 'तिला नेतो ही.'

मी डॉक्टरीणबाईंना हाक मारली. पोटुशी बाईनं ही चटणी खाल्ली तर काय होईल? त्या लगेच गंभीर झाल्या. "तुमच्या चटणीतच होतं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण त्यांना खाऊ नका म्हणावं. खाल्ली असेल आणि ताप आला तर लगेच दाखवा. आजच कळवा."

आजच कळवा. कसं? भिंत तर इथं नव्हती.

शोभा

कुंभारीला विडी कामगारांची एवढी मोठी वसाहत. मला ठाऊक होतं ते इतकंच की नात लावण्या, नातजावई शाळेचे गणवेश शिवतो. परवीनला सांगितलं तर ती पुण्यातून काय करणार? मी मोबाइलमधली नावं वर-खाली करत राहिले. खूप नावं होती, आणि ज्याला फोन करावा असं त्यात कोणी सापडेना. मग शोभाचं नाव आलं.

शोभा माझ्याच विभागात टॉवेलच्या कडा शिवते. कुंभारीहून येते. आणि अलीकडेच उशिरा आली म्हणून मी तिला सगळ्यांसमोर इतकं बोलले होते की ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे पाठ करून बसायला लागली होती. तिला कुठल्या तोंडानं सांगू? पण आता तोंड लपवून चालणार नव्हतं. एक पोरगी माझ्या हातची म्हणून ती चटणी खात असेल, हे डोळ्यासमोरून जात नव्हतं.

फोन केला. सगळं सांगितलं, चटणी विकतची होती हेही. मला वाटलं, आता शोभा फोन ठेवणार.

"रेहानाभाभी, तुमी दवाखान्यात हाय, आन आमाला सांगितलं बी न्हाय?"

"ते राहू दे शोभा. तू जाशील का?"

"जाती की. घरधन्याची गाडी हाय, आत्ता जाती. गणवेश शिवतोय न्हवं जावई? गावंल. तुमी पडून ऱ्हावा."

मी पडून राहिले. दुसरं येतही काय होतं?

भेटायच्या वेळेच्या जरा आधी फोन आला. "भाभी, घर गावलं. पर कुलूप हाय. शेजारची म्हणती, पोटात लई दुखाया लागलं म्हणून पोरीला सकाळी दवाखान्यात न्हेलंय. म्हातारी बी संगं गेलीया."

पोटात दुखायला लागलं. मी विचारलं, कुठल्या दवाखान्यात, ताप होता का, उलट्या होत्या का. शोभाला काही ठाऊक नव्हतं. तीच मला समजवायला लागली, "अवो, गरवार बाईच्या पोटात दुखतंय म्हंजी काय असतंय? सुटका व्हायची असंल की." पण माझ्या कानात 'दुखतंय' एवढंच शिरलं होतं. "नंबर घेऊन ठिवला हाय म्हातारीच्या पोराचा," ती म्हणाली, "पर उचलंना झालाय. मी बघती, तुमी नका जिवाला घोर लावून घिऊ."

ती दुपार मी कधी विसरणार नाही. शेजारच्या खाटेभोवती माणसं हसत-बोलत होती, बाहेर चहावाला ओरडत होता, आणि मी फोन छातीवर ठेवून छताकडे बघत होते. त्या क्षणी माझ्या शेजारी कुणी असतं आणि नुसतं "काही होणार नाही" असं खोटंच म्हणालं असतं, तरी मला पुरलं असतं. मी अल्लाकडे स्वतःसाठी बरं होणं मागितलं नाही. एवढंच मागितलं की त्या पोरीनं तो डबा उघडलेला नसावा. जन्मभर ज्या डब्यात चांगलंचुंगलं घालून पाठवलं, त्यातून मी हे पाठवलं असेल तर उरलेलं आयुष्य त्या भिंतीशेजारी कशी काढू?

नरसक्काचा फोन

संध्याकाळच्या चहाचे कप गोळा करायला वॉर्डातल्या मावशी आल्या तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर पलीकडून कुणी तरी मोठ्यानं श्वास घेतंय, बोलत काहीच नाही. मग शोभाचा आवाज लांबून, "बोला की आज्जी, त्यात तोंड घालून बोला."

"ए रेहाना." नरसक्का फोनमध्ये ओरडत होती, दोन घरांत भिंत असल्यासारखी. "लावण्याला मुलगी झाली. बरी आहेत दोघी. तू दवाखान्यात पडलास, आणि मला ही परकी बाई येऊन सांगते?"

शोभा दवाखाने पालथे घालत तिच्यापर्यंत पोचली होती. मी एवढंच विचारलं, "चटणी?"

"नाही दिली."

"खरं सांग, नरसक्का."

"खरंच सांगतो. वाटलं, या खेपेला तरी तुझ्या हातची असेल. घरी जाऊन जिभेवर ठेवली आणि कळलं, ही पण तुझी नाही. तुझी चटणी बोटाला तेल लावते. ही कोरडी. पहिल्या खेपेच्या पोरीला मी दुकानातलं नेऊ? डबा तिथंच ठेवला माझ्या घरी, फळीवर."

मी डोळे मिटले. भेटायला आलेल्या माणसांनी माझ्याकडे बघितलं, पण या वेळी मी झोपेचं सोंग केलं नाही. त्यांच्यासमोरच रडले.

"तू खाल्लीस ना पण? तुझं पोट कसं आहे?" मी विचारलं.

"म्हातारीचं पोट रोजच बिघडतं," ती म्हणाली. तिला तेव्हा खरंच काही झालं होतं की नाही, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

मग तिचा आवाज उतरला. "केव्हापासून वाटत होतं मला. म्हटलं, ही बाई कुटत नाही म्हणजे जेवत पण नाही नीट. आल्यावर विचारतो म्हटलं. तेवढ्यात हे झालं."

रविवारी परवीन आली. ती यायच्या आधीच शोभा पेज घेऊन येऊन गेली होती. जाताना ती एवढंच म्हणाली, "सोमवारी मला जरा उशीर हुईल, भाभी." मी म्हटलं, होऊ दे.

डबा

घरी आल्यावर सगळ्यात आधी बरणी रिकामी केली, गरम पाण्यानं धुतली, उन्हात पालथी घातली. नरसक्काच्या मुलाकडून कुलूप उघडून घेऊन तिच्या फळीवरची चटणीही टाकून दिली. दुकानदार म्हणाला, पाकीट असतं तर परत घेतलं असतं. मी म्हटलं, पाकीट असतं तर मी कशाला एवढं भोगलं असतं. अशक्तपणा बरेच दिवस राहिला. चार पावलं चालले की धाप लागायची, आणि मूग-तांदळाची खिचडी बघून कंटाळा यायचा. ज्यांना हे दुखणं होईल त्यांना सांगते, ताप जातो, पण मन मागे राहतं. घरात एकट्यानं ताट वाढून घ्यायची भीती वाटते. ती भीती कुणाला तरी बोलून दाखवा.

नरसक्का बाळाला न्हाऊ-माखू घालून, नातीचं सगळं मार्गी लावून परत आली. मी भिंतीपलीकडे तिची खुडबुड ऐकली. थाप पडली. मी मागच्या दारात गेले तर ती तोच डबा घेऊन उभी.

"घे. रिकामा देत नाही."

उघडून बघितलं तर आत शेंगदाणे. भाजलेले नाहीत, कच्चेच, निवडलेले. वरती लसणाचा एक गड्डा.

"हे काय?" मी म्हटलं. "मला अजून तिखट चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुला कोण देतो? मला खायचंय. तू कूट." आणि ती माझ्या घरात शिरून पाटावर बसली सुद्धा.

उखळावर केवढी धूळ होती. ते धुतलं, दाणे भाजले, सालं पाखडली. कुटायला बसले तर चार घावांत दम लागला. नरसक्कानं मुसळ घ्यायला हात पुढे केला नाही. नुसती बघत बसली आणि कुंभारीच्या बाळाचं नाक कुणावर गेलंय ते सांगत राहिली. मी थांबले की ती बोलायची, ती थांबली की मी कुटायची. पुष्कळ वेळ लागला. शेवटी दाण्यांना तेल सुटलं.

तिनं बोट लावून चाखलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

मी मीठ घातलं आणि डबा भरला. तो घेऊन ती भिंतीपलीकडे गेली, आणि थोड्या वेळानं तिकडून एक थाप पडली. मी उठून मागच्या दारात गेले, तर तिथं कोणी नव्हतं. ती आपल्या घरात बसूनच ओरडली, "काही नाही ग. आहेस का बघितलं."